मास्तरीणबाईंची तोंडपाठ उत्तरं

शाळेत ती सातवीपर्यंतच गेली होती, पण सगळे तिला मास्तरीण म्हणत. शर्ट शिवायच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, काजं करायच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला असं नाव कुणी उगाच देत नाही. ते तिनं कमावलं होतं, आणि कशानं कमावलं ते ऐकाल तर आधी हसाल.

त्या कारखान्यातले शर्ट परदेशात जात. माल घेणारी कंपनी मोठी, नावाला जपणारी. वर्षातून एकदा ती आपली माणसं पाठवायची. कामगारांना प्यायला पाणी मिळतं का, संडास धड आहेत का, जबरदस्तीनं जादा काम करून घेतात का, आग लागली तर बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, हे सगळं बघायला. आता बघणाऱ्याला काय, दाखवू ते दिसतं. पाण्याचं नवं पिंप आणून ठेवता येतं, संडासात साबण ठेवता येतो आणि पाहुणे गेले की तो पुन्हा कपाटात जातो. एकच गुलाबी साबण चार वर्षं पुरला, आहात कुठे! पण ही माणसं नुसती बघून जात नसत. ती बायकांना एकेक करून खोलीत बोलावत आणि दार लावून विचारत. तिथे मॅनेजरसाहेबांचं धाबं दणाणायचं, कारण जिभेला काही हाड नसतं.

पहिल्याच तपासणीत एका बाईला विचारलं, "जादा काम स्वतःच्या मर्जीनं करता ना?" तर ती भोळेपणानं म्हणाली, "मर्जीनं म्हणजे कसं हो?" झालं! नंतर आठवडाभर साहेबांना जेवण गेलं नाही. त्याच दिवशी काजावरच्या ह्या बाईनं मात्र सगळी उत्तरं अशी घडाघडा दिली, की विचारणाराच थकला. लहानपणी कविता म्हणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा ऐकलं की डोक्यात बसलंच. साहेबांनी ते हेरलं. पुढच्या वर्षी तपासणीच्या चार दिवस आधी त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं, पाठ टेकायची खुर्ची दिली, चहा दिला, आणि प्रश्नांचा कागद पुढे सरकवला. म्हणाले, "बाई, एवढं सगळ्यांकडून घोटून घ्या."

तेव्हापासून अकरा वर्षं ती घोटून घेत होती.

जेवणाच्या सुट्टीत, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून तिचा वर्ग भरायचा. चाळीस बायका, डबे मांडीवर, आणि मास्तरीण उभी, हातात कापड मोजायची पट्टी.

"पाणी?"

"थंड आणि स्वच्छ, दोन ठिकाणी!"

"जादा काम?"

"आमच्या मर्जीनं, आधी विचारून!"

"अगं, ओरडताय काय? भाजी विकताय का?" मास्तरीण करवादायची. "आणि धाडकन उत्तर द्यायचं नाही. विचारलं की आधी जरा वर छताकडे बघायचं, आठवल्यासारखं करायचं, मग बोलायचं. नाहीतर त्यांना वाटेल पाठ केलंय."

"मग काय केलंय?" ओव्हरलॉकवाली मागून म्हणायची. कापडाच्या कडा बांधायच्या मशीनवरची ही एक बुटकी, वांड बाई होती, तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. सगळ्या हसायच्या, मास्तरीणही हसायची.

मागच्या दाराचं उत्तर मात्र तिचं स्वतःचं होतं. मजल्याचा रोजचा जिना पुढच्या टोकाला होता आणि मागच्या टोकाला एक लोखंडी दार होतं, त्याच्यापलीकडे खाली उतरणारा जिना. साहेबांच्या कागदावर नुसतं लिहिलं होतं, 'मागचं दार दिवसभर उघडंच असतं.' तिला ते फार कोरडं वाटलं. तिनं त्याला पुढे जोडलं, 'तशी वेळ आली तर आम्ही त्या दारानं दोन मिनिटांत खाली उतरतो.' साहेब ऐकून खूश. "वा! दोन मिनिटांत! हे मला सुचलं नसतं." तिलाही अंगावर मूठभर मांस चढलं. खरी गोष्ट अशी, की ते दार वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस कुलपात असायचं. तपासणीच्या दिवशी कुलूप निघायचं, बिजागऱ्यांना तेल पडायचं, आणि वर एक हिरवी पाटी लागायची.

तिच्या मनाला हे खात नव्हतं का? थोडंफार खायचं. पण घरी नवरा पाठीचं दुखणं घेऊन बसलेला. आयुष्यभर ओझी वाहून त्याचे मणके झिजले होते. मुलगा परगावी ट्रक चालवायचा. आणि कारखान्याचं काम गेलं तर चारशे घरांच्या चुली थंड पडतील, हे साहेब दर वर्षी न चुकता सांगायचे. तिला वाटायचं, आपण दोन शब्द गोड बोलतो, त्यानं कुणाचं काय बिघडतं? उलट आपल्यामुळे चारशे लोक खातात. ह्या विचारावर ती अकरा वर्षं सुखानं जगली. बाराव्या वर्षी सूनही त्याच मजल्यावर कॉलर शिवायला लागली. चुणचुणीत पोर, पण सासूपुढे मान खाली. सासूनं तिलाही उत्तरं शिकवली, आणि तिनं ती दोन दिवसांत पाठ केली. मास्तरीण नवऱ्याला म्हणाली, "पोरगी माझ्या वळणावर गेलीय." नवरा म्हणाला, "म्हणजे आता घरात प्रश्न विचारायची सोय नाही."

धूर झाला त्या दिवशी सुनेला सहावा महिना होता.

सकाळचे अकरा वाजले असतील. मजल्याच्या मधोमध इस्त्रीची टेबलं होती. त्यातल्या एका टेबलाखालची वायर जळली, खाली पडलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. आग म्हणाल तर वीतभर. पण काळा, घशाला कातणारा धूर एवढा सुटला, की दोन ओळींच्या पलीकडचं दिसेना. कुणीतरी किंकाळी फोडली आणि चाळीस बायका उठल्या.

मास्तरीण सगळ्यांत आधी उठली आणि सरळ मागच्या दाराकडे धावली. "इकडून, इकडून या!" असं ओरडत धावली. बाकीच्या तिच्या मागे. दाराशी पोचून तिनं दार ढकललं. हललं नाही. दोन्ही हातांनी ढकललं. मग तिचा हात कुलपाला लागला.

आता ह्याला काय म्हणावं? ते कुलूप ती बारा वर्षं रोज बघत होती. डबा धुवायला जाताना त्याच्या शेजारून जायची. पण उत्तर इतक्या वेळा घोटलं होतं, इतक्या जणींकडून घोटून घेतलं होतं, की धूर दिसल्याबरोबर डोळ्यांनी पाहिलेलं मागे पडलं आणि तोंडानं म्हटलेलं पुढे आलं. चोरानं स्वतःच्याच थापेवर विश्वास ठेवावा तसं तिचं झालं. मागून बायकांचा रेटा आला. तिची छाती लोखंडावर दाबली गेली. आणि तिच्या पाठीला जे टेकलं होतं ते सुनेचं पोट होतं. सून दोन्ही हात पुढे धरून पोट वाचवत होती आणि "आई, आई, उघडा ना," म्हणत होती.

एवढ्यात इस्त्रीवाल्यानं मेन स्विच पाडला, पाण्याची बादली नाही म्हणून वाळूचं घमेलं ओतलं, खिडक्या उघडल्या. दहा मिनिटांत सगळं निवळलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. किल्ली मॅनेजरसाहेबांच्या खिशात होती आणि साहेब कामाला बाहेर गेले होते. ते दुपारी आले, जळकी वायर पाहिली, म्हणाले, "कुणाला काही झालं नाही ना? मग रडताय कशाला? देवाची कृपा म्हणा आणि कामाला लागा."

त्या दिवसापासून मास्तरीणच्या घशाखाली घास उतरेना. एकच गोष्ट तिला हवी होती. सून बाळंत व्हायच्या आधी ते कुलूप निघायला हवं. दुसरं काही नको.

दुसऱ्या दिवशी ती पाच बायकांना घेऊन ऑफिसात गेली. ह्या वेळी खुर्ची कुणी दिली नाही.

"साहेब, दाराचं कुलूप काढा."

"आणि कापडाचे तागे मागल्या जिन्यानं पाय फुटून गेले म्हणजे?"

"मग कुलूप राहू द्या, पण किल्ली दाराशेजारी खिळ्याला टांगा."

"किल्ली तिथेच टांगायची, तर कुलूप कशाला हवं?"

"तेच म्हणतेय मी," मास्तरीण म्हणाली.

ओव्हरलॉकवाली फिस्सकन हसली. साहेबांना ते लागलं. त्यांनी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि मास्तरीणला एकटीला थांबवलं. आवाज मात्र मऊ ठेवला. "बाई, तुम्ही समजूतदार. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. ती नीट पार पडू दे, मग दाराचं बघू. आणि हो, सुनेला बाळंतपणाची रजा लागेल ना? आल्यावर जागाही हवी असेल. मी लक्षात ठेवलंय." धमकीसुद्धा कशी, चहात साखर घालावी तशी! तिला कळायचं ते कळलं.

तिनं वर्ग घेतला. हो, घेतला. ह्यासाठी तिला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, तिनं स्वतःही पुढे ठेवली. पट्टी हातात घेऊन तिनं पाणी विचारलं, जादा काम विचारलं. मागच्या दाराचा प्रश्न मात्र तिनं विचारलाच नाही. बायकाच म्हणाल्या, एका सुरात, "मागचं दार दिवसभर उघडंच असतं! तशी वेळ आली तर आम्ही त्या दारानं दोन मिनिटांत खाली उतरतो!" आठवड्यापूर्वी त्याच दारावर चेंगरलेल्या बायका. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नाही. सूनही त्यांच्यातच होती, छताकडे बघत होती.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी ह्या वेळी खरं सांगणार आहे."

नवरा पडल्या पडल्या म्हणाला, "काम जाईल."

"जाऊ दे."

"तुझं नाही म्हणत मी. सगळ्यांचं जाईल. मग त्या बायका तुला दारात उभं करतील का?"

तिनं भाजी चिरायला घेतली. थोड्या वेळानं नवराच म्हणाला, "सुनेला सांगितलंस?" ती म्हणाली, "नाही. तिच्या जिवाला घोर नको." आणि खरंच तिनं कुणालाच सांगितलं नाही.

तपासणीला त्या वर्षी एक बाई आल्या. साध्या, मध्यम वयाच्या, पायांत सपाट चपला, आपलीच भाषा बोलणाऱ्या. त्यांनी मजला पाहिला, पिंप पाहिलं, साबण पाहिला. हिरव्या पाटीखालचं दार एका बोटानं ढकललं, ते गुपचूप उघडलं. मग त्यांनी ऑफिसशेजारची खोली मागून घेतली आणि साहेबांना बाहेर बसवलं. नेहमीप्रमाणे साहेबांनी पहिली पाठवली ती मास्तरीण.

पाणी झालं, संडास झाले. दाराचा प्रश्न आला. तिनं छताकडे पाहिलं नाही. तपासनीस बाईंकडे बघून म्हणाली, "दाराला कुलूप असतं. आज काढलंय. गेल्या आठवड्यात धूर झाला तेव्हा आम्ही चाळीसजणी त्यावर आपटलो. किल्ली साहेबांच्या खिशात होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुमच्याशिवाय कुणी सांगेल?"

"सांगायला हवं," मास्तरीण म्हणाली.

बाईंनी तिला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. "इथेच बसा. बोलू नका." आणि हजेरीपटातून स्वतःच नावं निवडून एकेकीला बोलावायला लागल्या. पहिली आली. मागचं दार? तिनं छताकडे पाहिलं. "मागचं दार दिवसभर उघडंच असतं. तशी वेळ आली तर..." दुसरी आली, तिनंही तेच. तिसरी ओव्हरलॉकवाली! हिच्यावर मास्तरीणची सगळी भिस्त. तिनं मास्तरीणकडे पाहिलं, कोपऱ्यात बसवलेली पाहून तिला वाटलं असणार की बाई अडचणीत आहे, हिला सोडवायला हवं. आणि जन्मात पहिल्यांदा त्या वांड बाईनं उत्तर एकही शब्द न चुकवता म्हटलं. मास्तरीणच्या तोंडचं पाणी पळालं. आपलेच दात, आपलेच ओठ!

ती गेल्यावर तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या, "तिघी एक सांगतात, तुम्ही एकट्या दुसरं. दार तर मी स्वतः उघडून पाहिलं. मी काय लिहू?"

मास्तरीण उठली.

"बाई, त्या खोटं बोलत नाहीत. मी शिकवलेलं म्हणतात. ते वाक्य माझं आहे. आता जिला बोलवाल ती आधी वर छताकडे बघेल. मग म्हणेल, 'मागचं दार दिवसभर उघडंच असतं. तशी वेळ आली तर आम्ही त्या दारानं दोन मिनिटांत खाली उतरतो.' एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मला खोटं लिहा. दोन मिनिटं मी माझ्या मनानं घातलीत. कुणी कधी उतरून बघितलेलं नाही."

तपासनीस बाईंनी तिचं वाक्य कागदावर उतरवून घेतलं आणि पटावर बोट ठेवून पुढचं नाव पुकारलं. आत आली ती सून.

पोटावर हात ठेवून ती खुर्चीत बसली. सासूला कोपऱ्यात पाहून दचकली. प्रश्न आला. तिनं छताकडे पाहिलं. आणि तपासनीस बाई समोरच्या कागदावर एकेका शब्दाखाली पेन सरकवत राहिल्या, आणि सून ते शब्द म्हणत राहिली, शेवटच्या 'उतरतो'पर्यंत.

बाईंनी कागद उलटा ठेवला. "छान. आता मला सांगा, गेल्या आठवड्यात धूर झाला, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. सुनेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ती हळूच वळली. "आई," ती म्हणाली, "ह्याचं उत्तर काय?"

"अगं, ह्याचं मी शिकवलेलं नाही," मास्तरीण म्हणाली. "तुझं तू सांग."

पुढचं आधी सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. माल घेणाऱ्या कंपनीनं काम काढून घेतलं नाही, चुली पेटत्या राहिल्या. मात्र तीन महिन्यांची मुदत दिली, आणि पुढच्या तपासण्या न सांगता होतील असं कळवलं. कुलूप निघालं. त्याच्या जागी आतून ढकललं की उघडणारा दांडा बसला. तागे काही पाय फुटून गेले नाहीत. बायकांनी आपल्यातल्या पाचजणींची समिती केली, ओव्हरलॉकवाली तिची पुढारी, आणि महिन्यातून एकदा सगळ्या मजल्यानं त्या जिन्यानं उतरून बघायचं ठरलं. पहिल्यांदा उतरल्या तेव्हा साडेसहा मिनिटं लागली. मास्तरीणला साहेबांनी काजावरून उठवून तळमजल्यावर धागे कापायला बसवलं, ते तिनं मुकाट्यानं कापले. सुनेला रजा मिळाली, मुलगी झाली, रजेनंतर जागाही मिळाली, कारण आता समिती विचारायला बसली होती. साबणसुद्धा संडासातच राहायला लागला.

पण हे सगळं मागाहून झालं. त्या खोलीत सून अजून सासूकडेच बघत होती. तपासनीस बाईंनी घाई केली नाही. मग ती बोलायला लागली, अडखळत, छताकडे न बघता.

"माझं मशीन पुढच्या जिन्याला लागून आहे. उठलं की चार पावलांवर जिना. तिकडे धूर नव्हता, जिना मोकळा होता. मला दिसत होता. पण आईंनी शिकवलं होतं, तशी वेळ आली तर मागच्या दारानं जायचं. म्हणून मी जिना सोडला, आणि सगळा मजला ओलांडून, धुरातनं मागे पळाले."

सुनेचं मशीन कुठे आहे हे मास्तरीणला चांगलं ठाऊक होतं. धुरात ती आपल्या पाठीशी कशी आली, हे मात्र तिनं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. ती स्टुलावरून उठली, सुनेजवळ गेली, आणि तपासनीस बाईंच्या देखत तिनं तिचे पाय धरले. सून "आई, अहो, हे काय, उठा," म्हणत राहिली, पण मास्तरीण बराच वेळ उठली नाही.